झाकली मूठ

‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण माणसाच्या मुठीची असली, तरी जुन्या रिव्हॉल्व्हरच्या मुठीलाही ती चपखल बसते. रिव्हॉल्व्हर हातात धरले की नळी दिसते, सिलिंडर दिसतो, घोडा दिसतो. मूठ मात्र तळव्याखाली गडप होते. हस्तिदंताची मूठ घडवणाऱ्याने, शिंपल्याच्या पट्ट्या तासणाऱ्याने किंवा सांबरशिंग घासून बसवणाऱ्याने आपली सगळी कारागिरी शस्त्र वापरात असताना कोणालाच न दिसणाऱ्या जागी खर्च केलेली असते. ती दिसते ते शस्त्र पेटीत असताना, कमरेला लटकत असताना, भेट म्हणून कोणाच्या हाती देताना किंवा संग्रहालयाच्या काचेआड. या साध्या निरीक्षणात संग्राहकांच्या जगातला एक मोठा गैरसमज उघडा पडतो. संग्राहक रिव्हॉल्व्हर वाचतो ते लोखंडावरून. कारखान्याचा शिक्का, अनुक्रमांक, पेटंटची तारीख, नळीची लांबी हे सगळे तो पोथीसारखे तपासतो आणि मुठीपाशी आला की ‘सुंदर’ असे म्हणून पुढे जातो. मूठ म्हणजे दागिना आणि लोखंड म्हणजे कागदपत्र, अशी ही विभागणी आहे. या प्रकरणाचे म्हणणे नेमके उलटे आहे. लोखंड एका कारखान्याची हकिकत सांगते, मूठ अर्ध्या जगाची. आणि त्या अर्ध्या जगात आपला किनारा, आपली जंगले आणि आपले व्यापारी येतात. लोखंड तिकडचे, मूठ इकडची, असे थोडक्यात म्हणता येईल.

हे म्हणणे तपासायला सिल्वासा ही जागा बरी आहे. वरवर पाहता या गावाचा नक्षीदार रिव्हॉल्व्हरशी काही संबंध नाही. इथल्या आदिवासी संग्रहालयात दागिने, वाद्ये, शिकारीची आणि मासेमारीची साधने मांडलेली आहेत. वारली, कोकणा, धोडिया या इथल्या समाजांचे हत्यार म्हणजे धनुष्यबाण, कोयता, कुऱ्हाड. पण गावाच्या भोवतीचा नकाशा पाहावा. पश्चिमेला तासाभराच्या वाटेवर दमण, म्हणजे आफ्रिकेशी शतकानुशतके व्यापार केलेले पोर्तुगीज बंदर. उत्तरेला सुरत, जिथे हस्तिदंताच्या बांगड्या घडत. दक्षिणेला मुंबई, एकोणिसाव्या शतकातली हस्तिदंताची मोठी पेठ. आणि पूर्वेला, अगदी उंबरठ्यापासून, सांबर-चितळांचे रान. दादरा आणि नगर हवेलीचा सुमारे ४० टक्के भाग आजही जंगलाखाली मोजला जातो आणि सिल्वासाजवळच्या सातमालिया अभयारण्यात सांबर पाहायला मिळतो. किमती मुठींसाठी जगाने वापरलेल्या जिनसांपैकी दोन मोठ्या जिनसा, हस्तिदंत आणि सांबरशिंग, या पट्ट्याच्या दोन्ही कुशींना होत्या.

आधी समुद्राची कूस. नगर हवेली पोर्तुगिजांकडे गेली तीच मुळात आरमारी भांडणातून. मराठ्यांच्या आरमाराने ‘सांताना’ नावाच्या पोर्तुगीज जहाजाचे जे नुकसान केले, त्याची भरपाई म्हणून १७७९च्या तहाने या परगण्यातल्या ७२ गावांचा महसूल पोर्तुगिजांना तोडून दिला गेला. प्रत्यक्ष ताबा १७८३ मध्ये मिळाला, दादरा त्यांनी १७८५ मध्ये विकत घेतले आणि पुढे हा सगळा मुलूख दमणच्या कारभाराखाली राहिला. त्या काळच्या दमण आणि दीवला व्यापारातून जे मिळत होते, त्याचा एक मोठा वाटा मोझांबिकचा होता. मोझांबिक १७५२ पर्यंत गोव्याच्याच हुकमतीखाली होते, त्यामुळे वाट रुळलेली होती. गुजरातच्या गावांत विणलेले कापड दीव-दमणच्या वाणी व्यापाऱ्यांच्या गलबतांतून आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरे आणि परतीला हस्तिदंत भरून येई. आफ्रिकेच्या आतल्या मुलखात कापड हेच चलन होते. कोणत्या गावाला कोणत्या रंगाचा काठ चालतो हे ठाऊक असलेला व्यापारीच तिथे टिके. हस्तिदंताचा इथला खप मात्र शस्त्रांसाठी नव्हता, बांगड्यांसाठी होता. गुजरात-राजस्थानात लग्नात नवरीच्या हातात हस्तिदंती चुडा भरायची रीत होती आणि ती हौस पुरवायला हत्ती मरत होते आफ्रिकेत. म्हणजे रिव्हॉल्व्हर जन्माला येण्याच्या कितीतरी आधी हस्तिदंताचा रस्ता, त्याची पारख, त्याचे भांडवल आणि त्याची गिऱ्हाइके, ही सगळी यंत्रणा या किनाऱ्यावर उभी होती.

मग सॅम्युअल कोल्टने १८३६ मध्ये फिरत्या सिलिंडरचे अमेरिकन पेटंट घेतले आणि पुढे कनेटिकट राज्यातल्या हार्टफर्डला आपला कारखाना थाटला. त्याच राज्यात, त्याच कनेटिकट नदीच्या खालच्या अंगाला, डीप रिव्हर आणि आयव्हरीटन ही गावे आहेत. आयव्हरीटन म्हणजे शब्दशः हस्तिदंताचे गाव. अमेरिकेत येणाऱ्या हस्तिदंताचा फार मोठा भाग या दोन गावांत कापला जाई. त्यांतला बहुतेक पियानोच्या पट्ट्यांसाठी आणि कंगव्यांसाठी, पण हस्तिदंत कापायचे तंत्र, यंत्रे आणि माल यांचे केंद्र बंदुकांच्या राजधानीच्या इतके जवळ असावे, हा योगायोग दुर्लक्षिण्यासारखा नाही. हा माल येत होता झांझिबारहून. आणि झांझिबारमध्ये जकातीचा मक्ता होता कच्छच्या भाटिया व्यापाऱ्यांकडे. जयराम शिवजी ही पेढी तर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर सुलतानालाही कर्ज देणारी होती आणि अमेरिकन व्यापाऱ्यांना माल मिळवून देण्यात तिचा हात मोठा होता. अमुक रिव्हॉल्व्हरच्या मुठीचा दात अमुक पेढीच्या कोठारातून गेला, असे कोणी सिद्ध करू शकणार नाही. दातावर अनुक्रमांक नसतो. पण हार्टफर्डच्या कारागिराने दोन पट्ट्या तासायला घेतल्या तेव्हा त्या दाताने आधीच भारतीय हुंडी, भारतीय जकातदार आणि बरेचदा भारतीय गलबत पाहिलेले असण्याचा संभव मोठा होता. संग्राहकाच्या टिपणात मात्र ‘कोल्ट, हार्टफर्ड, हस्तिदंती मूठ’ एवढेच लिहिले जाते. टिपणातला शेवटचा शब्दच सर्वांत लांबचा प्रवास करून आलेला असतो.

सांबरशिंगाची गोष्ट याहून जवळची आणि जास्त विसरलेली. अमेरिकन आणि इंग्रज जाणकार ज्याला ‘स्टॅग’ म्हणतात, ती खडबडीत, तपकिरी-पांढऱ्या धारांची मूठ बहुतेकदा भारतातल्या सांबराच्या शिंगाची असते. सांबराचे शिंग दाट आणि वजनदार असते, आतला भुसभुशीत गर त्यामानाने कमी. त्यामुळे ते कापून सपाट केले तरी तडकत नाही आणि बाहेरची खवल्यांसारखी साल तशीच राखता येते. घामेजल्या हातातूनही ते निसटत नाही. शेफील्डच्या सुरीकारांनी ते मांस कापायच्या सुऱ्यांना बसवले, विसाव्या शतकात अमेरिकेतल्या मूठकारांनी रिव्हॉल्व्हरला. सांबर दरवर्षी शिंगे गाळतो, म्हणून यासाठी प्राणी मारावाच लागतो असे नाही. रानात पडलेली शिंगे गोळा करून विकणे हा मध्य आणि पश्चिम भारतातल्या जंगलवासीयांचा एक जोडधंदा होता. आपल्याकडे या शिंगाची ओळख वेगळीच. आजीबाईच्या बटव्यात सहाणेवर उगाळायला ठेवलेला साबरशिंगाचा तुकडा असे, छातीत कळ आली की त्याचा लेप लावत. एकाच शिंगाचा एक तुकडा सहाणेवर झिजत होता आणि दुसरा टेक्ससमधल्या कोणा पोलीस अधिकाऱ्याच्या कमरेवर मिरवत होता. दोघांनाही एकमेकांची खबर नव्हती.

मुळात मुठीवर खर्च करायची कल्पना तरी पश्चिमेची कुठे आहे? तलवार-कट्यारीच्या मुठीवर जीव ओवाळून टाकणारी संस्कृती आपली. जहांगीर बादशहाला ‘माशाच्या दाता’च्या, म्हणजे उत्तरेकडच्या समुद्रातल्या वॉलरसच्या सुळ्याच्या मुठींचे विलक्षण वेड होते. डाग असलेला एक दात मिळाल्याचा आनंद त्याने आपल्या आठवणींत नोंदवून ठेवला आहे. पाचू, स्फटिक, यशब, हस्तिदंत या सगळ्यांच्या मुठी मोगल दरबारात झाल्या. मराठ्यांची फिरंग तर या प्रकरणाच्या म्हणण्याचा जुना पुरावाच आहे. पाते युरोपातून आलेले आणि त्यावर परज असलेली मूठ इथे घडवलेली. म्हणजे लोखंड तिकडचे आणि मूठ इकडची ही जोडणी रिव्हॉल्व्हरच्या दोनशे वर्षे आधीच आपल्याकडे रूढ होती. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात किंवा कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यातल्या शस्त्रदालनात उभे राहिले की एक गोष्ट लक्षात येते. पाती एकमेकांसारखी दिसतात, मुठी नाही. माणूस स्वतःला ओळखू येईल अशी खूण शस्त्रावर करतो ती मुठीवर.

सरकारे हे ओळखून होती, म्हणून त्यांनी मुठी साध्या ठेवल्या. ब्रिटिश फौजेचे वेब्ली रिव्हॉल्व्हर १८८७ मध्ये स्वीकारले गेले. त्याची मूठ काळ्या कडक रबराची, व्हल्कनाइटची. पोर्तुगालने १८७८ मध्ये अधिकाऱ्यांसाठी घेतलेल्या अबादी पद्धतीच्या रिव्हॉल्व्हरची मूठ चौकटी कोरलेल्या लाकडाची. शिपायाच्या हातातले शस्त्र सरकारचे असते, म्हणून त्यावर शिपायाची खूण नको. नक्षीदार मूठ ही खाजगी मालकीची किंवा भेटीची निशाणी. कोल्टला हे धंद्याच्या अंगाने उमगले होते. त्याने तुर्कस्तानच्या सुलतानाला आणि रशियाच्या झारला सोन्याने मढवलेली रिव्हॉल्व्हरे नजर केली आणि बदल्यात साध्या मुठींच्या हजारो रिव्हॉल्व्हरांच्या खरेदीची आशा धरली. नजराण्याचा हा खेळ आपल्या दरबारांना नवा नव्हता. १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात टिफनी या जवाहिऱ्याने स्मिथ अँड वेसनची रिव्हॉल्व्हरे चांदीच्या मुठी चढवून मांडली. ती कोणी गोळ्या झाडायला घेणार नव्हते. भारतातही हा धागा तुटलेला नाही. कानपूरच्या सरकारी कारखान्याने २०१४ मध्ये स्त्रियांसाठी म्हणून ‘निर्भीक’ हे .३२ बोअरचे हलके रिव्हॉल्व्हर बाजारात आणले, ते दागिन्याच्या डबीसारख्या पेटीत घालून.

आता आक्षेप. पहिला आणि सगळ्यांत वजनदार आक्षेप कोणताही अनुभवी संग्राहक घेईल: मूठ हा रिव्हॉल्व्हरचा सर्वांत सहज बदलता येणारा भाग आहे. एक स्क्रू काढला की दोन पट्ट्या सुट्या. शंभर वर्षांत ती किती वेळा बदलली असेल कोण जाणे! मग तिला कागदपत्र कसे म्हणायचे? आक्षेपातली वस्तुस्थिती खरी आहे, निष्कर्ष खरा नाही. मूठ बदलता येते, म्हणूनच ती मालकाविषयी बोलते. नळी मालक बदलत नाही, मूठ बदलतो. बदल कधी झाला, कशासाठी झाला, जुनी मूठ झिजली म्हणून की नव्या मालकाला मिरवायचे होते म्हणून, हे सगळे वाचता येते. अट एवढीच की वाचायची रीत ठाऊक हवी. ती रीत लोखंड वाचण्याच्या रीतीहून कमी काटेकोर नाही.

मूळ कारखान्यात बसवलेल्या मुठीच्या आतल्या बाजूला बरेचदा अनुक्रमांक खरडलेला किंवा शाईने लिहिलेला असतो. तो सांगाड्यावरच्या आकड्याशी जुळला तर अर्धे काम झाले. नसला तर कडा पाहाव्यात. हस्तिदंत कितीही जुने असले तरी हवेतली ओल घेते आणि सोडते, वर्षांगणिक किंचित आक्रसते. त्यामुळे शतकभर जुन्या हस्तिदंती मुठीची कड लोखंडाच्या कडेपासून जराशी आत सरकलेली असते आणि त्या फटीत जुना मळ बसलेला असतो. कड लोखंडाशी तंतोतंत लागून असेल तर मूठ बहुधा अलीकडची. पिवळेपणाही दोन्ही बाजूंना सारखा नसतो. ज्या कुशीवर शस्त्र पडून राहिले ती अंधारातली बाजू पिवळी, उजेडाकडची पांढरी. मग मुठीच्या बुडाशी, जिथे दात आडवा कापला गेलेला असतो तिथे, भिंगातून पाहावे. एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषांची जाळी दिसते, जशी घड्याळाच्या मागच्या झाकणावर कोरलेली असते. या श्रेगर रेषा. बाहेरच्या अंगाला त्यांच्यातला कोन ११५ अंशांपेक्षा मोठा असेल तर दात हत्तीचा; ९० अंशांपेक्षा लहान असेल तर हजारो वर्षांपूर्वी नामशेष झालेल्या मॅमथचा. जाळीच नसेल आणि बारीक काळपट ठिपके किंवा रेघोट्या दिसत असतील तर ते हाड. आणि एकसारख्या, समांतर, शिस्तीत उभ्या असलेल्या रेषा दिसल्या तर सावध व्हावे. निसर्ग इतका शिस्तीचा नसतो. ते सेल्युलॉइड.

सेल्युलॉइडपाशी थोडे थांबायला हवे, कारण ही जिन्नस जन्मलीच हस्तिदंताच्या तुटवड्यातून. बिलियर्डचे चेंडू हस्तिदंताचे असत आणि दात महाग होत चालले होते, म्हणून न्यूयॉर्कच्या एका चेंडू-व्यापाऱ्याने पर्याय शोधणाऱ्याला १०,००० डॉलरचे बक्षीस जाहीर केले. जॉन वेस्ली हयात या छपाईवाल्याने त्यापायी केलेल्या खटपटीतून १८७० च्या सुमारास सेल्युलॉइड निघाले आणि लवकरच ‘फ्रेंच आयव्हरी’ अशा भारदस्त नावाने कंगवे, आरसे, सुऱ्या आणि पिस्तुलांच्या मुठींवर चढले. नकली म्हणून ते टाकाऊ ठरवू नये. हत्ती वाचवायची पहिली मोठी खटपट कोणा प्राणिप्रेमीने केली नाही, गिऱ्हाइकाच्या खिशाने केली, याचा ते पुरावा आहे. पण त्याला एक खोड आहे. जुने सेल्युलॉइड हळूहळू विघटते, त्यातून आम्लाची वाफ सुटते आणि ती शेजारच्या लोखंडाला खाते. बाहेरून चकचकीत दिसणाऱ्या मुठीखाली सांगाडा गंजून गेलेला असतो. ज्याने लोखंडच तेवढे कागदपत्र मानले आणि मुठीकडे दागिना म्हणून पाहिले, त्याचे कागदपत्र त्या दागिन्यानेच खाल्ले. असाच एक नावाचा घोळ ‘गटापर्चा’चा. १८८०च्या दशकापासून कोल्टने गरुड कोरलेल्या काळ्या मुठी बसवायला सुरुवात केली, त्यांना कितीतरी संग्राहक गटापर्चा म्हणतात. गटापर्चा हा मलायातल्या झाडाचा चीक, समुद्राखालच्या तारांवर चढवायचा. या मुठी गंधक घालून कडक केलेल्या रबराच्या. झाड वेगळे, मुलूख वेगळा. आकड्यात एक अंक चुकला तर संग्राहकाची झोप उडते, झाड चुकले तर कोणाला काही वाटत नाही.

दुसरा आक्षेप इतिहासाच्या बाजूने येतो. ज्या शस्त्रांनी काही घडवले ती साध्या मुठींची होती, मग मिरवायच्या शस्त्रांचा इतिहास लिहायचा कशाला? आपल्या भागात तर हा आक्षेप अधिकच बोचरा. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर झाडलेल्या गोळ्या ब्राउनिंग पिस्तुलातून सुटल्या. लंडनहून सावरकरांनी चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर अशी २० पिस्तुले पाठवली होती. बेल्जियममधल्या कारखान्यातून ही पिस्तुले त्या काळी कडक रबराची मूठ लेवूनच निघत. आणि सिल्वासा? २१-२२ जुलै १९५४ च्या रात्री दादरा, २८ जुलैला नरोली आणि २ ऑगस्टला सिल्वासा मुक्त झाले ते मोजक्या, मिळतील तशा शस्त्रांनिशी. फ्रान्सिस मस्करेन्हस यांचे सहकारी, आझाद गोमंतक दलाचे कार्यकर्ते, आणि पुण्या-मुंबईहून गेलेले सुधीर फडके, राजा वाकणकर, बाबासाहेब पुरंदरे यांच्यासारखे लोक यांतल्या कोणालाही मूठ कशाची आहे हे पाहायला सवड नव्हती. निधीसाठी लता मंगेशकरांच्या गाण्याचा कार्यक्रम ठरवावा लागला, यावरून हात किती तंग होता ते कळावे. आक्षेप मान्य करूनही त्याचा रोख फिरवता येतो. ही शस्त्रे साधी का होती? १८७८ च्या शस्त्र कायद्याने सामान्य हिंदी माणसाला परवान्याच्या दावणीला बांधले, आणि युरोपियनांना, संस्थानिकांना मोकळीक ठेवली. म्हणजे कोणाच्या हाती हस्तिदंती मूठ यायची आणि कोणाच्या हाती चोरून आणलेली रबरी, हे कायद्यानेच ठरवले होते. साध्या मुठीचा अर्थ लागतो तो नक्षीदार मूठ शेजारी ठेवल्यावर. शिवाय मिरवायची शस्त्रे कधीच चालली नाहीत, असेही नाही. अमेरिकन सेनानी जॉर्ज पॅटनने १९१६ मध्ये घेतलेले हस्तिदंती मुठीचे कोल्ट त्याच वर्षी मेक्सिकोतल्या चकमकीत चालले. त्याची मूठ शिंपल्याची आहे असे कोणी म्हटले की तो संतापायचा, कारण त्याच्या लेखी शिंपला हे छचोर लोकांचे लक्षण. हस्तिदंत आणि शिंपला यांच्यातला फरक हा त्याच्यासाठी अब्रूचा प्रश्न होता.

तिसरा आक्षेप सगळ्यात अवघड आणि त्याला उडवून लावता येत नाही. हत्ती शंभर वर्षांपूर्वी मेला. आता त्याच्या दाताची मूठ कोणाच्या कपाटात आहे याने काय बिघडते? भारतीय कायद्याचे उत्तर स्पष्ट आहे: बिघडते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९८६ मध्ये दुरुस्ती होऊन देशी हस्तिदंताचा व्यापार बंद झाला, १९९१ मध्ये आफ्रिकन हस्तिदंताचाही. वयाची सवलत नाही. वारशाने आलेली वस्तू रीतसर जाहीर करून मालकीचा दाखला असला तर घरात ठेवता येते, विकता येत नाही. सांबरशिंगाचा व्यापारही बंद आहे आणि परदेशी निर्यात थांबून दोन तपांहून अधिक काळ लोटला. परिणाम असा की जुन्या साठ्यातल्या भारतीय शिंगाच्या मुठी अमेरिकेत आता चढ्या भावाने जातात. ब्रिटनचा २०१८ चा कायदा १९४७ पूर्वीच्या आणि आकारमानाच्या १० टक्क्यांपेक्षा कमी हस्तिदंत असलेल्या वस्तूंना सूट देतो. अमेरिकेतही जुन्या वस्तूंना आणि अल्प वजनाच्या हस्तिदंताला वाट ठेवलेली आहे, पण जुनेपण सिद्ध करायचा भार मालकावर. लोखंडाचे याच्या उलट. अमेरिकेत १८९८ पर्यंत घडवलेले रिव्हॉल्व्हर संघराज्याच्या कायद्याने बंदूकच मानले जात नाही. आपल्या १९५९ च्या शस्त्र कायद्यातही कलम ४५ कालबाह्य किंवा पुरातन मोलाच्या शस्त्राला सोडते, मात्र दुरुस्त करूनही ते चालणार नाही अशी अट घालून. ती अट बसत नसेल तर परवाना हवा, तोही २०१९ च्या दुरुस्तीनंतर माणशी २ शस्त्रांपुरता, आणि .४५५ किंवा .३८ बोअरची जुनी ब्रिटिश रिव्हॉल्व्हरे तर निषिद्ध बोअरमध्येच मोडतात. थोडक्यात, आपल्याकडे जुनेपणाने लोखंडाचा गुन्हा माफ होतो, दाताचा होत नाही.

हे अन्यायाचे वाटेल. माणसे मारायचे यंत्र निरुपद्रवी ठरावे आणि शोभेच्या दोन पट्ट्या गुन्हा ठराव्यात, हे उफराटे नाही का? विचार केला तर नाही. निकामी रिव्हॉल्व्हर कपाटात पडून राहिल्याने नवे रिव्हॉल्व्हर घडत नाही. जुन्या दाताला मात्र बाजारभाव असला की नवा दात जुना म्हणून विकता येतो. चहाच्या पाण्यात बुडवून हस्तिदंताला शतकाचे वय देता येते, लोखंडाच्या अनुक्रमांकाला तसे करता येत नाही. दातावर अनुक्रमांक नसतो, हीच मुठीची अडचण आणि हेच कायद्याच्या कडकपणाचे कारण. म्हणून भारतात या विषयाचा संग्रह खाजगी कपाटात वाढणे कठीण आहे आणि ते कठीण असावे, असे या लेखकाला वाटते. संस्थानी शस्त्रागारांतून आलेला माल संग्रहालयांत आहे. तो वाचायला मालकी लागत नाही, भिंग लागते. आणि ज्याला मुठीचीच हौस आहे त्याने पॉलिस्टर राळेच्या नकली हस्तिदंताकडे नाक मुरडू नये. सिल्वासा आज ओळखले जाते ते पॉलिस्टर धाग्याच्या आणि प्लॅस्टिकच्या कारखान्यांसाठी. हयातने सुरू केलेल्या वाटेवरचेच हे गाव.

संग्रहालयांच्या नोंदवह्यांत रिव्हॉल्व्हर एका ओळीत मावते, आणि ती ओळ लोखंडाची असते. कायदा मात्र त्या वस्तूकडे दोन वस्तू म्हणून पाहतो. मूठ काढून घेतलेले रिव्हॉल्व्हर पूर्ण बंदूक राहते, जिल्हाधिकाऱ्यांच्या शस्त्रशाखेचा विषय. निघालेली मूठ एकटी टेबलावर ठेवली तर तिला शस्त्र कायदा विचारत नाही. ती त्या क्षणी वनखात्याची होते, हत्तीची असो की सांबराची. दोन खात्यांमध्ये अंतर आहे ते एका स्क्रूचे. तो फिरवून पट्टी उलटी केली की तिची आतली बाजू दिसते, जिला कोणाचा तळवा लागलेला नसतो आणि जिथे उजेड पोचलेला नसतो. तिथे करवतीचे दात उमटलेले असतात, आणि नशीब असेल तर कोणा कारागिराने पेन्सिलने लिहिलेला आकडा.